कबरीवरची वांगी

बाबांच्या कबरीवर लोक वांगी वाहायचे. हे वाक्य मी गेल्या आठवड्यात लिहिलं आणि दोन दिवस पुढे काहीच लिहिलं नाही, कारण ते वाचून कुणालाही वाटेल की मी थट्टा करते आहे. थट्टा मी करणारच आहे. पण वांगी खरी होती. काळसर जांभळी, बोटभर देठाची, बहुतेक वेळा मंडईतली कालची. मॅचच्या दिवशी सकाळी एकेक जण यायचा, चपला फाटकाबाहेर काढायचा, बाबांच्या छातीच्या अंदाजाने वांगं ठेवायचा आणि हात जोडायचा. ख्रिस्ती कब्रस्तानात नेमकं काय करतात हे ठाऊक नसल्यामुळे काही जण नमस्कार करत, काही जण दुवा मागताना उघडतात तसे तळवे उघडत, आणि टपाल खात्यातले एक गृहस्थ टाचा जुळवून सॅल्यूट ठोकत. आमच्या पाळकसाहेबांनी नारळ फोडायला आणि उदबत्ती लावायला मनाई केली होती. भाजीबद्दल नियमात काही नव्हतं.

बाबा इंदूरला एका मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. आजोबा नगरकडून शिक्षक म्हणून आले ते इथलेच झाले. बाबांनी तरुणपणी फुटबॉलचा क्लब काढला, त्यात गिरणीतले कामगार होते आणि दरबारातल्या कारकुनांची मुलंही होती. एरवी ही मंडळी एका पंगतीत बसली नसती. बाबांनी त्यांना एका बॉलमागे पळवलं. पाणी मात्र मैदानाच्या कडेला दोन वेगळ्या मटक्यांत ठेवलेलं असायचं, आणि हे बाबांना शेवटपर्यंत बदलता आलं नाही. क्लबच्या इतिहासात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

वांग्यांचं कारण आई. क्लबसाठी अकरा पांढरे सदरे आले तेव्हा ते निळे रंगवायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. ज्या घमेल्यात तिने आदल्या दिवशी माझा परकर लाल रंगवला होता, त्यातच तिने निळा रंग कालवला. सदरे वाळले तेव्हा ते निळे नव्हते, लाल नव्हते. पहिल्या मॅचला समोरच्या लोकांनी ओरडून ओरडून नाव ठेवलं, "बैंगन! अरे भिया, बैंगन आ गए!" बाबा घरी येऊन म्हणाले, "रंग चांगला आहे. लांबून दिसतो." झालं. तोच क्लबचा रंग ठरला. पुढे ज्या लोकांना त्या नावाची लाज वाटायची तेच ते अभिमानाने ओरडू लागले. बाबा गेल्यावर पहिल्या मॅचच्या दिवशी कुणीतरी कबरीवर एक वांगं ठेवलं, त्या दिवशी टीम जिंकली, आणि धर्म स्थापन व्हायला एवढं पुरतं.

बाबांना संस्थापक म्हणत. आईला काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. दर सोमवारी ती अकरा सदरे उकळत्या पाण्यात घालायची, सावलीत वाळवायची, फाटलेले कोपर शिवायची. बाबा गेल्यावरही सदरे येत राहिले. सोमवारी सकाळी दारात गाठोडं असायचं. कुणी हाकसुद्धा मारायचं नाही.

बाबा गेले ते संस्थान विलीन झालं त्याच वर्षी. त्यांच्या उजव्या अंगाची जागा आईने स्वतःसाठी धरून ठेवली होती. पाळकांच्या वहीत तशी नोंद होती. पण वहीवर आईचा फारसा विश्वास नव्हता, म्हणून तिने तिथे सदाफुलीची रोपं लावली. उजवंच अंग का, याला कारण होतं. वर्षानुवर्षं शिट्टी फुंकून म्हणा की कशाने म्हणा, बाबांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लग्नापासून आई त्यांच्या उजवीकडे बसली, चर्चमध्ये, टांग्यात, जेवताना. दर रविवारी उपासनेनंतर ती कब्रस्तानात जायची, सदाफुलीशेजारी बसायची आणि आठवड्यातल्या गोष्टी हळू आवाजात त्यांना सांगायची. मी थोडी लांब पुस्तक घेऊन बसायची. ती काय बोलते ते मी कधी ऐकलं नाही आणि आता त्याचं वाईट वाटतं.

क्लबचे सेक्रेटरी मात्र डावीकडे उभे राहून वाचायचे. हे गृहस्थ जुन्या दरबारी कारकुनाच्या घराण्यातले. स्वतः मैदानावर एकदाच उतरले होते, सात मिनिटं. पण लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. टीम हरली की दुसऱ्या दिवशी ते कोट घालून कबरीपाशी येत आणि कागद उलगडून बाबांना अर्ज वाचून दाखवत.

"सेवेशी सादर विनंती विशेष. काल रोजी झालेल्या सामन्यात आपल्या संघास दोन गोलांनी पराभव पत्करावा लागला. कारणे येणेप्रमाणे. एक, पंच. दोन, मैदानाचा उतार. तीन, पंच. तरी साहेबांनी योग्य तो विचार करावा."

मागे उभे असलेले दहा-पंधरा जण माना डोलावत. कागदाची घडी घालून ती दगडाखाली ठेवली जाई. बाबा हयात असताना पंचाला दोष देणाऱ्याला मैदानाभोवती पाच फेऱ्या मारायला लावायचे, हे त्या दहा-पंधरांतल्या प्रत्येकाच्या पायांना आठवत असणार.

"त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही," आई मला एकदा म्हणाली.

"मग सांग ना सेक्रेटरीसाहेबांना."

"कशाला? त्यांचंही बरं चाललंय आणि ह्यांचंही."

मंडळी गेली की आई वांगी पिशवीत भरून घरी आणायची. मॅचच्या दिवशी आमच्याकडे भरीत असे. मला सुरुवातीला ते गिळवत नसे. आई म्हणायची, "तुझ्या बाबांना वाया गेलेलं अन्न कधी पाहवलं नाही, आता काय पाहवेल?"

आता मध्य भारताच्या त्या दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. संस्थानं एकत्र करून नवं राज्य झालं, पण राजधानी इंदूर की ग्वाल्हेर यावर काही जमेना. मग तोड अशी निघाली की सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला राहील आणि उन्हाळा लागला की इंदूरला येईल. त्यामुळे वर्षातून दोनदा फायली लोखंडी ट्रंकांत भरून रेल्वेने निघत, आणि त्यांच्यामागून कारकून निघत. आमचे सेक्रेटरी दरबारातून सचिवालयात गेले होते. तेही निघत. सरकार इंदूरला असलं की बाबांच्या कबरीवर गवताची काडी दिसत नसे. सरकार ग्वाल्हेरला गेलं की गवत गुडघ्याला लागे.

बाबा गेल्यावर काही वर्षांनी, पावसाळ्याच्या शेवटी, आमच्या टीमने महूच्या पलटणीच्या टीमला हरवून कप जिंकला. बाबांच्या हयातीत जे झालं नव्हतं ते झालं. जिंकायच्या आधी मंडळींनी नवस बोलला होता, की कप आला तर मास्तरसाहेबांना पक्का ओटा बांधू. हा नवस बोलण्यात पुढाकार गोलकीपरचा. तो गिरणीत मुकादम होता, चाळिशीचा, दाराएवढा रुंद, आणि बाबांनी घडवलेल्या खेळाडूंपैकी अजून खेळणारा तो एकटाच उरला होता. समोरच्यांना त्याच्या आडून गोल दिसतच नसे, हाच त्याचा खेळ.

ओट्याची बातमी घरी आली तेव्हा आई म्हणाली, "बांधू देत. फक्त माझी जागा सोडा म्हणावं. तू सांग त्यांना."

तू सांग. इथे माझी चूक सुरू होते. मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. वर्गाबाहेर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मैदानाच्या कडेला चहाच्या दुकानावर ही सगळी मंडळी रोज संध्याकाळी बसायची. तिथे जाऊन मुकादमाला दोन वाक्यं सांगितली असती तर काम झालं असतं. मी पत्र लिहिलं. तीनदा खर्डा केला. त्यात 'मातोश्रींची अंतिम मनीषा' असे शब्द होते, आणि मला ते आवडले होते. ते पत्र मी नवरात्रात सेक्रेटरींच्या घरी नेऊन दिलं.

त्यांनी ते उभ्यानेच वाचलं. डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"वा! काय भाषा आहे! ताईसाहेब, अशी मराठी आता इंदूरात राहिली नाही हो. पोरं नुसती हिंदी झाडतात."

"आईची जागा तेवढी..."

"अहो, प्रश्नच नाही. वहिनीसाहेबांची इच्छा म्हणजे आज्ञा. मी हे फाईलला लावतो, कार्यकारिणीपुढे ठेवतो, ठराव करून घेतो. रीतसर."

"नाही, तुम्ही नुसतं मुकादमांना सांगितलंत तरी..."

"तोंडी?" ते असे दचकले की जणू मी त्यांना कुंपणावरून उडी मारायला सांगितलं. "तोंडी नको. रीतसर."

क्लबची फाईल ते सचिवालयातल्या आपल्या कपाटात ठेवत, कारण तिथे वाळवी लागत नसे. दसऱ्यानंतर कपाटं रिकामी झाली, ट्रंका भरल्या, आणि क्लबची फाईल, पाटबंधाऱ्यांच्या की कसल्या फायलींच्या गठ्ठ्यात बांधली जाऊन, ग्वाल्हेरला गेली. तिच्या पोटात माझं पत्र. मागोमाग सेक्रेटरी गेले. कार्यकारिणीची बैठक झाली नव्हती.

दिवाळीत गिरणी बंद होती. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात डालड्याचा डबा आला. त्यात ओल्या मातीत सदाफुलीची रोपं नीट लावलेली होती. डबा घेऊन मुकादम स्वतः आला होता, तोंडभर हसत.

"बाईजींची झाडं. वाया जाऊ दिली नाहीत. एक मूळ तुटलं असेल तर बोला."

आईने डबा हातात घेतला. "कुठून काढलीत?"

"तिथूनच! ओटा बांधला ना. सरप्राइज!" हा इंग्रजी शब्द त्याने कुठून उचलला होता देव जाणे. "चार दिवसांत उभा केला. गिरणीचे मिस्त्री, आपलीच पोरं. एकदम झक्कास! रविवारी या तुम्ही दोघी. बघतच राहाल."

आम्ही रविवारी गेलो आणि खरंच बघत राहिलो.

बाबांची जागा आणि आईची जागा मिळून त्यांनी फुटबॉलचं मैदान केलं होतं. जांभळं घोटीव सिमेंट, त्यावर पांढऱ्या रेघा. मधोमध वर्तुळ, वर्तुळात सिमेंटचा चेंडू, जो कुठूनही पाहिला तरी भोपळाच दिसायचा. दोन टोकांना लोखंडी सळ्यांचे गोलपोस्ट, वीतभर उंच, त्यांना खरी जाळी. बाबा डाव्या अर्ध्यात होते. उजवा अर्धा मोकळा होता, म्हणजे समोरच्या टीमचा. पाळकसाहेब बाजूला उभे राहून घाम पुसत होते. त्यांना मंडळींनी 'थोडी डागडुजी' एवढंच सांगितलं होतं.

आई नेहमीच्या जागी बसायला गेली तर तिथे कॉर्नरची रेघ होती. ती रेघेवरच बसली.

"चांगलं केलंय," ती मुकादमाला म्हणाली. मग मला, हळूच, "मी आता ऑफसाइड."

घरी आल्यावर ती म्हणाली, "तू सांगितलं नव्हतंस?"

"पत्र दिलं होतं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी आजवर वाचलेली सगळी पुस्तकं कुठेतरी परत करावीशी वाटली.

मी ग्वाल्हेरला पत्र लिहिलं. या वेळी साधं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सेक्रेटरींनी ओट्याबद्दल आनंद आणि माझ्या पत्राबद्दल आदर व्यक्त केला होता. मूळ पत्र फाईलमध्ये असून फाईल ट्रंकेत आहे, ट्रंकेची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, आणि मूळ पत्र पाहिल्याशिवाय मत देणं उचित होणार नाही. कार्यालय इंदूरला परत आल्यावर विषय प्राधान्याने घेण्यात येईल. तोवर वहिनीसाहेबांच्या प्रकृतीस आराम पडो.

वहिनीसाहेबांच्या प्रकृतीला आराम पडत नव्हता. थंडी सुरू झाली तसा तिचा दमा वाढला. पाठीशी तीन उश्या लावून ती बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर दर वेळी नवीन बाटली देत आणि मला दाराबाहेर नेऊन स्टेथोस्कोपची नळी गुंडाळत राहत. आईला सगळं कळत होतं. ती एकदा म्हणाली, "मरायचं तर सरकार इंदूरला असताना मरायला हवं. कोणत्या महिन्यात येतात परत?"

"उन्हाळ्यात."

"तेवढं जमायचं नाही."

मी म्हटलं, भिंतीकडे जागा आहे म्हणतात पाळकसाहेब, झाडाखाली, चांगली सावली आहे. म्हणताना माझी मलाच लाज वाटली. ती माझ्यावर रागावली नाही. "तिथून त्यांना ऐकू येणार नाही गं," एवढंच म्हणाली, जणू बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते.

सोमवारची गाठोडी येतच होती. धुणं मी करू लागले होते, पण शिवण तिने सोडलं नाही. उश्यांना टेकून ती दोन टाके घालायची, दम खायची, पुन्हा दोन टाके. शेवटच्या आठवड्यात तिने गोलकीपरचा सदरा घेतला होता. दोन्ही कोपर गेले होते. गुरुवारी संध्याकाळी तिने एक पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "हा मुकादमाला दे. रविवारी मॅच आहे." शुक्रवारी पहाटे ती गेली.

पाळकसाहेब आले. प्रार्थना केली. मग भिंतीकडच्या जागेबद्दल बोलू लागले. पृथ्वी सगळी प्रभूचीच आहे, असं काहीतरी म्हणाले. मी विचारलं, "वहीत नोंद आहे ना?" नोंद आहे, ते म्हणाले, पण त्या लोकांना कोण सांगणार? चारशे माणसं आहेत ती, आणि ओट्याला हात लावला तर... भित्रा माणूस समोरच्या भित्र्या माणसाला लगेच ओळखतो.

शेजारच्या बायका आईजवळ बसल्या होत्या. मी सदरा पिशवीत घातला आणि गिरणीच्या फाटकाशी गेले. सकाळची पाळी सुटत होती. इतके पुरुष एका दारातून बाहेर पडताना मी पाहिले नव्हते. मुकादम दिसला, कानाला मफलर बांधलेला, भोवती पाच-सहा जण, रविवारच्या मॅचचीच चर्चा. मला पाहून त्याने मफलर सोडला. त्याला कळलं असावं.

"आई गेली," मी म्हटलं.

टोप्या निघाल्या. मुकादम म्हणाला, "बाईजी... अरे राम." मग, "काय लागेल ते बोला ताई. खांद्याला आम्ही आहोत. सगळी टीम येते."

"ओटा फोडायला लागेल. उजवा अर्धा. तिची जागा आहे ती."

इतका वेळ माझ्याकडे असलेले डोळे एकदम चपलांकडे गेले.

"ओटा," मुकादम म्हणाला. "म्हणजे बघा ताई, सेक्रेटरीसाहेब इथे नाहीत. त्यांच्या हुकुमाबगैर..."

"बांधताना होता हुकूम?"

"ती बात अलग आहे."

मागचा एक जण पुढे आला, टपाल खात्यातला, सॅल्यूटवाला. "ताई, राग मानू नका. पण ओटा बनल्यापासून आपण एक मॅच हरलेलो नाही. एक पण नाही."

"किती खेळलात?"

"दोन."

"त्यातली एक," दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "समोरची टीम आलीच नव्हती."

"तू गप रे!" मुकादम त्याच्यावर खेकसला. मग माझ्याकडे वळून, आवाज अगदी मऊ करून, "ताई, परवा सेमीफायनल आहे. सोमवारी मी स्वतः फोडतो. माझी जबान."

मी आयुष्यात कुणाला उलटून बोललेली नव्हते. बोलले तेव्हा आवाज माझा वाटला नाही. "सोमवारपर्यंत थांब म्हणून आईला सांगू का? ती थांबेल. तुमच्यासाठी ती बरंच थांबलेली आहे."

मग मी ज्या कामासाठी खरं तर पिशवी आणली होती ते केलं. सदरा काढून त्याच्या हातात दिला. "हा तुमचा. काल शिवून झाला. रविवारी लागेल म्हणाली."

त्याने सदरा उलगडला. कोपर बोटांनी चाचपला. आईचे टाके बारीक असत, पण हे तसे नव्हते. वाकडेतिकडे होते, मध्येच मोठे, मध्येच एकावर एक. हात थरथरत असताना घातलेले टाके कसे दिसतात हे गिरणीत कापडात आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला लिहायला आवडलं असतं. त्याने दुसरी बाही उलटी केली आणि विचारलं, "हा कोपर?"

"तो राहिला."

त्याने सदऱ्याची नीट घडी घातली. मग मागे न वळता म्हणाला, "पहार आणा रे. दोन आणा."

"भिया, सेमीफायनल..."

"पहार आण म्हटलं ना!"

दुपारी त्यांनी ओटा फोडला. तेही बघण्यासारखं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की जेवढं कमी फुटेल तेवढं शुभ. त्यांनी सुतळी लावून मापं घेतली. मधली रेघ वाचवायची की नाही यावर वाद झाला. कॉर्नर वाचला पाहिजे असं एकाचं मत, पेनल्टीची जागा वाचली पाहिजे असं दुसऱ्याचं. शेवटी मुकादमाने सगळ्यांना बाजूला केलं आणि एकट्याने घाव घालायला सुरुवात केली. सिमेंट पक्कं होतं. आपल्या हातचं काम इतकं चांगलं का झालं म्हणून तो मिस्त्र्यांना शिव्या देत होता, आणि पाळकसाहेब जवळ आले की शिवी अर्धी गिळत होता. सिमेंटचा चेंडू अख्खा निघाला. तो कुठे ठेवावा हे न कळून त्यांनी तो फाटकाशी ठेवला. पुष्कळ वर्षं तो तिथेच होता. लोक त्यावर बसून चपला घालत.

शनिवारी आईला बाबांच्या उजवीकडे ठेवलं. जांभळे सदरे घालून सगळी टीम आली होती. ते सदरे गेल्या सोमवारी मीच धुतले होते.

रविवारी टीम तीन गोलांनी हरली. तिन्ही गोल मुकादमाच्या हातांतून गेले.

सोमवारी संध्याकाळी मी कब्रस्तानात गेले तर मंडळी आधीच तिथे होती. सेक्रेटरी ग्वाल्हेरला असल्याने अर्ज लिहिणारं कुणी नव्हतं. तोंडीच चाललं होतं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणी बाबांच्या बाजूला उभं नव्हतं. सगळे आईच्या ओल्या मातीकडे तोंड करून उभे होते.

"बाईजी, दोन दिवस," टपालवाला म्हणत होता, अगदी कळवळून. "फक्त दोन दिवस थांबल्या असत्या."

पंच नाही, मैदानाचा उतार नाही. इतक्या वर्षांत आईला क्लबमध्ये पहिल्यांदाच काहीतरी स्थान मिळालं होतं. मी फाटकापाशीच उभी राहिले. मला राग यायला हवा होता. मला हसू येत होतं, आणि हे कुणाला तरी लगेच सांगायचं होतं, आणि ज्या एका माणसाला ते कळलं असतं ती तिथे मातीखाली त्यांचं ऐकून घेत होती.

उन्हाळ्यात सरकार इंदूरला आलं. ट्रंका उघडल्या. आठ दिवसांनी सेक्रेटरी कोट घालून आमच्याकडे आले, माझं नवरात्रातलं पत्र हातात. समासात लाल शाईने शेरा होता, 'विनंती मान्य करण्यास हरकत नसावी.' खाली सही, तारीख.

"आई जानेवारीतच गेली," मी म्हटलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सांत्वनाचं पत्रही पाठवलं होतं, तेही उत्तम होतं.

"हो हो. पण रेकॉर्ड पुरं असायला पाहिजे, ताईसाहेब." आणि ते तिथून सरळ कब्रस्तानात गेले आणि मंजुरी आईला वाचून दाखवली. सवयीने डावीकडे उभे राहून, म्हणजे बाबांच्या फुटक्या ओट्यावर. नक्कल दगडाखाली ठेवली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्या महिन्याची किराण्याची यादी केली. आईनेही तेच केलं असतं.

पावसाळ्यात पुन्हा मॅच सुरू झाल्या. पहिल्या मॅचच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. बाबांवर सात-आठ वांगी होती. आईवर एकही नव्हतं, आणि त्याची मला अपेक्षाच होती. मी पिशवी भरत होते तेवढ्यात मुकादम आला. त्याच्या खिशातून दोन वांगी निघाली. एक त्याने बाबांवर ठेवलं.

"हे मास्तरसाहेबांचं."

दुसरं आईवर. सदाफुली तिथे मी पुन्हा लावली होती, ती चुरगळणार नाही अशा बेताने.

"आणि हे कोपराचं," तो म्हणाला.

मग तो घुटमळला. बगलेत दाबून धरलेला सदरा त्याने पुढे केला. दुसरा कोपर, तो राहिलेला, आता खांद्यापर्यंत फाटत आला होता.

"ताई, हे आता कोण करणार?"

मी त्याच्याकडे पाहिलं. इतका मोठा माणूस, पण नापास झालेल्या पोरासारखा उभा होता.

"अर्ज करा," मी म्हटलं. "लेखी. रीतसर."

मला वाटलं तो हसेल. तो मान हलवून गेला. पुढच्या सोमवारी दारात गाठोडं होतं, आणि गाठोड्याला टाचणीने लावलेला कागद. शिसपेन्सिलीने, एकेक अक्षर दाबून लिहिलेलं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सेवेशी, असं वर होतं. खाली विषयाच्या जागी एकच शब्द, कोपर.

आता मी राजेंद्र नगरात राहते. घर बदलताना पुष्कळ पुस्तकं देऊन टाकली. तो अर्ज आहे. निर्णय अजून झालेला नाही.